आधी पिल्लं आहेत का ते बघा

वडोदऱ्यातल्या मांजलपूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देते:

‘आमचं टेनामेंट, म्हणजे स्वतंत्र घर, १९८७ सालचं. सासऱ्यांनी दांडिया बाजारातला वाडा सोडून इथे बांधलं. पुढे गच्चीवर एक खोली काढली. वर पत्रे, खाली पीओपीचं छत. दिवाळीच्या आधीपासून रात्री दीड-दोनच्या सुमाराला त्या छतावर कुणीतरी चालतं. उंदीर नव्हे, पावलं जड आहेत. गच्ची झाडताना टाकीच्या मागे एकाच जागी विष्ठेचा ढीग सापडला, त्यात चिकूच्या बिया अख्ख्या. छताला पिवळा डाग पडलाय. कधी कधी तिथे भात शिजल्यासारखा वास येतो, सासूबाई म्हणतात हे काही बरं लक्षण नव्हे. समोरच्या काकांनी टॉर्च मारून बघितलं. ते म्हणाले वणियर आहे. त्यांचे जावई भोपाळचे, ते म्हणाले कबरबिज्जू, मढी उकरून खातं. तेव्हापासून सासूबाई वर पाऊल टाकत नाहीत. यजमानांनी एका माणसाशी बोलणं केलंय. तो पिंजरा लावून धरेल आणि आजव्याच्या तलावाकडे सोडून येईल, दोन हजार रुपये घेईल. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पुण्याहून नणंदेची मंडळी येणार आहेत, ती वरच्याच खोलीत झोपतात. त्याआधी हे मिटायला हवं. पण जिवाला त्रास नको असं मला वाटतं. काय करू?’

ताई, त्या पिंजरेवाल्याला आजच फोन करून नको म्हणून सांगा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही दिलेल्या खुणा उदमांजराच्याच आहेत. गुजराती शेजारी म्हणतात ते वणियर हेच, आणि कोकणातले लोक कांडेचोर म्हणतात तेही हेच. मोठ्या बोक्याएवढं, तीन-चार किलोचं जनावर. राठ करडे-काळे केस, तोंडावर काळपट पट्टा, डोळ्यांपाशी पांढुरके ठिपके आणि जवळजवळ अंगाएवढी लांब शेपूट. भाताच्या वासाला सासूबाई घाबरल्या असतील, तर त्यांना सांगा की तो त्याच्या शेपटीखालच्या ग्रंथींचा वास आहे. पुष्कळांना तो आंबेमोहोर किंवा बासमती शिजत असल्यासारखा वाटतो. मात्र घाबरलं की हेच जनावर असा उग्र दर्प सोडतं की खोलीत उभं राहवत नाही. म्हणून काठीने ढोसायला कुणी जाऊ नये.

मढी उकरण्याचं म्हणाल, तर तो नावाचा घोळ आहे. हिंदीत कबरबिज्जू हे नाव दोन अगदी वेगळ्या प्राण्यांना लावतात. एक चांदी अस्वल, जे खरोखर जमीन उकरतं, आणि दुसरं हे बिचारं. उदमांजर खातं काय? वडाची, उंबराची फळं, चिकू, पेरू, पपई, आंबे, आणि जोडीला उंदीर, किडे, गोगलगायी. फळ पचतं, बी अख्खी बाहेर पडते आणि भलतीकडेच रुजते. आपल्या शहराच्या नावातच वड आहे, आणि त्या वडांच्या बिया इकडून तिकडे नेण्याच्या कामात वटवाघळं आणि पाखरांबरोबर ह्याचाही हात आहे. सासूबाईंना विचारून बघा, दांडिया बाजारच्या वाड्यात रात्री कौलांवर काय धावायचं म्हणून. मला वाटतं त्यांनाच आठवेल.

आता पिंजरा का नको, ते सांगते. ह्यात माझी स्वतःची चूक आहे आणि ती मी विसरलेले नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही कारेलीबागेत राहत होतो. पत्रा आणि भिंत ह्यांच्यामधल्या भोकातून एक उदमांजर ये-जा करायचं. मी कडियाला, म्हणजे गवंड्याला, बोलावलं. उदमांजर निशाचर, दिवसा झोपतं, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून रात्री ते बाहेर पडलेलं स्वतः बघितलं, भोकात विटांचे तुकडे दाबले आणि सकाळी कडियाकडून सिमेंट लावून घेतलं. फार शहाणपणाने केलं असं वाटलं होतं. दुसऱ्या रात्री पत्र्यावर खरवडण्याचा आवाज सुरू झाला. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. तिसऱ्या रात्री त्या आवाजाच्या मधल्या शांततेत आतून बारीक चिवचिव ऐकू आली आणि माझे हातपाय गार पडले. पहाटे पाचला शिडी लावली. पत्र्याच्या कडेला रक्त लागलं होतं. तिने नखं तुटेपर्यंत ओरबाडलं होतं. आम्ही छिन्नी-हातोड्याने सिमेंट फोडलं आणि खाली येऊन दिवे घालवले. उजाडायच्या आत ती आली. एक पिल्लू मानेला धरून कठड्यावरून गेली, परत आली, दुसरं नेलं. तिसऱ्यासाठी आली, आत बराच वेळ थांबली आणि रिकाम्या तोंडाने बाहेर पडली. ते तिसरं मी नंतर बागेत पुरलं.

पिंजऱ्यात हेच होतं. केळं ठेवून आई धरली जाते, आजव्याला सोडली जाते, आणि पिल्लं तुमच्या पीओपीवर उपाशी मरतात. पाच-सहा दिवसांनी जो वास सुटतो तो भाताचा नसतो. पिल्लं नसली तरी सोडलेल्या जनावराला तिथलं पाणी, झाड, बीळ काहीच ठाऊक नसतं. तिथे आधीपासून राहणारी उदमांजरं त्याला हाकलतात. अनोळखी रस्ते ओलांडताना ते गाडीखाली येतं. आणि तुमच्या छतातलं भोक तर तसंच उघडं! पुढच्या मोसमात तिथे दुसरं येईल आणि तो माणूस पुन्हा दोन हजार घेईल.

यजमान म्हणतील, मगरी नाही का उचलून नेत? २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला, मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या, आणि वन विभागाची माणसं नि स्वयंसेवक त्यांना उचलत होते हे आपण सगळ्यांनी पाहिलं. पण त्या मगरी वाट चुकून घराबाहेर आलेल्या होत्या. त्यांना परत पाण्यात नेलं. तुमच्या छतातलं उदमांजर वाट चुकलेलं नाही. मांजलपुरातली तुमची गल्ली, समोरचं आसोपालव, मागच्या बंगल्यातला चिकू, हाच त्याचा मुलूख आहे. त्यातली तुमची एक खोली फक्त वजा करायची आहे.

शिवाय कायदा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उदमांजराला संरक्षण दिलं आहे, आणि त्या कायद्यात ‘शिकार’ ह्या शब्दात नुसतं मारणं येत नाही. पकडणं, सापळा लावणं, आमिष ठेवणं हेही येतं. परवानगीशिवाय पिंजरा लावणारा गुन्हा करतो, आणि त्याला पैसे देऊन बोलावणाराही त्यात ओढला जातो. यजमानांना हे नीट समजावून सांगा. त्यांचा हेतू वाईट नाही, मंडळी यायच्या आत घर ठीक व्हावं एवढंच त्यांना वाटतंय.

तर करायचं काय? जनावर पकडायचं नाही, घर बंद करायचं. आणि बंद करण्याआधी आत कुणी नाही ह्याची पक्की खात्री करायची. ह्या खात्रीसाठी आठवडा गेला तरी जाऊ द्या.

पहिल्यांदा वाट शोधा. दिवेलागणीला समोरच्या काकांच्या गच्चीवर जाऊन बसा, तुमच्या गच्चीवरचे दिवे घालवा. टॉर्चवर पतंगाचा लाल कागद दुहेरी करून रबर लावा. लाल उजेडाने ते फारसं बिचकत नाही. अंधार पडल्यावर दोन-अडीच तासांत ते बाहेर पडायला हवं. बहुतेक पत्र्याच्या नागमोडी कडेखालून निघेल, कारण पत्रा भिंतीवर टेकतो तिथे प्रत्येक लाटेखाली पोकळी राहते. ज्या फटीत त्याचं डोकं शिरतं तिथून अंगही शिरतं. चार बोटं उंचीची फटही मी धोक्याची धरते. दुसऱ्या दिवशी त्या जागेसमोर, कठड्यावर, पांढऱ्या रांगोळीचा हातभर रुंद पातळ थर पसरा. चुना नको, पाय भाजतील. पीठ नको, मुंग्या येतील. सकाळी ठसे वाचायचे. मांजराच्या ठशात चार बोटं दिसतात, उदमांजराच्या ठशात पाच. बोटं बाहेरच्या दिशेने आहेत की आतल्या, आणि एकाच रात्रीत किती वेळा, हे बघा. रात्रीतून वारंवार परत येत असेल तर आत पिल्लं असण्याचा संशय धरा.

मग ऐकायचं. भर दुपारी, गल्ली शांत असते तेव्हा, छताखाली स्टुलावर उभं राहून स्टीलचा पेला छताला आणि पेल्याच्या बुडाला कान लावा. पिल्लांचा आवाज मांजराच्या पिल्लापेक्षा बारीक, पाखरासारखा असतो. तरी समजलं नाही तर मेन स्विच बंद करा, वायरमनकडून पीओपीतला एक गोल दिवा खाली काढून घ्या, आणि त्या भोकातून मोबाइल वर धरून व्हिडिओ घ्या. फ्लॅश क्षणभरच. हात आत घालायचा नाही. हे काम संध्याकाळी, मोठं जनावर बाहेर गेल्यावर करा.

पिल्लं नसतील तर काम सोपं आहे. मुख्य वाट सोडून बाकीच्या सगळ्या फटी आधी बंद करा. त्यासाठी अर्ध्या इंची चौकटीची वेल्डेड जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडाची) जाळी आणा. ती लाटांच्या आकारात कापून स्क्रू आणि वॉशरने बसवून घ्या. नायलॉनची जाळी, थर्माकोल, फुगणारा फोम हे सगळं दातांनी एका रात्रीत निघतं. मुख्य वाटेवर त्याच जाळीचा एक तुकडा झडपेसारखा टांगा. वरच्या कडेला तारेने सैल बांधलेला, भोकापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठा, बाहेरच्या बाजूने. आतून ढकलला की उघडतो, बाहेरून नुसता दाबला जातो. ही झडप पाच-सात रात्री राहू द्या. शेवटच्या तीन रात्री भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसा ठेवा. तीनही सकाळी बोळा जागच्या जागी असेल, रांगोळी कोरी असेल आणि दुपारी पेल्यातून काही ऐकू येत नसेल, तरच कायमची जाळी आणि वरून सिमेंट. कडिया घाई करेल, त्याला दुसरीकडे काम असतं. त्याचं ऐकू नका.

पिल्लं असतील तर थांबा, आणि वन विभागाच्या वडोदऱ्यातल्या कार्यालयात कळवा. ह्या शहरात त्यांना असे फोन नवे नाहीत, माणूस येऊन बघून जातो. नव्या पिल्लांचे डोळे मिटलेले असतात, दहा-बारा दिवसांनी उघडतात. आईबरोबर स्वतःच्या पायांनी बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात. तोपर्यंत थांबणं जमलं तर सगळ्यात चांगलं. जमत नसेल तर, आणि त्यांनी हरकत नाही असं सांगितलं तर, आईला ती जागा थोडी गैरसोयीची करायची. वरच्या खोलीत दिवसभर दिवा, आणि बोलण्याच्या आवाजात आकाशवाणी. एवढंच. अशा आईची जवळपास दुसरी एखादी ढोली बहुतेक बघितलेली असते. दोन-तीन रात्रींत ती एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. त्या रात्री गच्चीवर कुणी जायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. माणूस दिसला तर ती पिल्लू वाटेत टाकून पळेल.

पिल्लू खाली पडलेलं सापडलंच तर गाईचं दूध पाजू नका. पुठ्ठ्याच्या उथळ खोक्यात जुनं सुती कापड, त्यावर पिल्लू, आणि खोकं पडलेल्या जागेच्या जवळात जवळ, कुत्र्यांच्या उडीच्या वर. रात्री आई येते. जखमी असेल तर मात्र वाट न बघता १९६२ला फोन करा, ती करुणा अ‍ॅम्ब्युलन्स आहे.

आता जे सल्ले तुम्हाला गल्लीतून मिळतील त्यांच्याबद्दल. मिरचीची धुरी: पिल्लं गुदमरतात, आणि पीओपीच्या वर वायरिंग असतं, आगच लागायची. डांबरगोळ्या मूठभर टाकणं: त्याची वाफ खाली खोलीतच उतरते आणि सासूबाईंच्या छातीत जाते. फटाके, फिनाइल, विषाच्या गोळ्या: नको, नको, नको. विष खाल्लेलं उदमांजर तुमच्या छतात मरतं, नाहीतर गच्चीवर मरून एखाद्या घारीलाही घेऊन जातं. कानाला ऐकू न येणारा आवाज काढणारी यंत्रं विकायला येतात, त्यांवर पैसे घालवू नका. चार दिवसांत जनावर सरावतं.

चिकूचं झाड मागच्या बंगल्यातलं आहे असं मी धरून चालते. झाड तोडायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. गच्चीवर आलेली फांदी तेवढी, घरट्यात अंडी-पिल्लं नाहीत हे बघून, छाटून घ्या. कठड्यापासून सहा-सात फूट अंतर राहिलं पाहिजे. पावसाच्या पाइपावर ते सहज चढतं. पाइपाभोवती जमिनीपासून चार-पाच फुटांवर दोन फूट उंचीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळून घेतला की नखं रुतत नाहीत. संध्याकाळी पडलेली फळं गोळा करा, आणि मांजरासाठी बशीत दूध-पोळी ठेवत असाल तर रात्री उचला.

टाकीमागचा ढीग कोरडा झाडू नका, धूळ नाकात जाते. मास्क आणि रबरी हातमोजे घाला, ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवा, दहा मिनिटांनी खरवडून पिशवीत भरा. टाकीचं झाकण घट्ट बसतं का तेही बघून घ्या. एवढं सगळं करताना चुकून कुणाला चावलं किंवा नख लागलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सयाजी रुग्णालयात रेबीजच्या लशीसाठी जायचं. ते आपणहून अंगावर येत नाही, कोंडलं तरच चावतं. पण सस्तन प्राणी आहे, तेव्हा रेबीजच्या बाबतीत हयगय नको.

उत्तरायणाचं कठीण आहे, हे मला कळतं. त्या दोन दिवसांत सबंध वडोदरा गच्चीवर असतं, स्पीकर, थाळ्या, रात्री तुक्कल (पतंगाच्या दोरीला बांधलेले कागदी कंदील) आणि फटाके. आत पिल्लं असतील तर ते दोन दिवस त्या आईला बाहेर पडायलाच जमणार नाही. तुमच्याकडे अजून महिना-सव्वा महिना आहे. बघण्याचं आणि ऐकण्याचं काम ह्याच आठवड्यात केलंत तर पिल्लं नसल्यास डिसेंबर संपायच्या आत जाळी बसते. पिल्लं निघाली तर नणंदेच्या मंडळींची झोपायची सोय खाली हॉलमध्ये करा आणि त्यांना खरं कारण सांगा. पुण्यातही बंगल्यांच्या माळ्यांवर उदमांजरं असतात, त्यांना नवल वाटणार नाही. तुमच्या गच्चीवरचा मांजा मात्र दोन्ही दिवस संध्याकाळी स्वतः उभं राहून गोळा करून घ्या, विशेषतः पत्र्याच्या कडेला आणि टाकीच्या पाइपात अडकलेला. रात्री त्याच वाटेने उदमांजराला जायचं असतं.

छताचा पिवळा डाग रंगवायची घाई नको. जाळी बसून पंधरा दिवस झाले, पीओपी आतून पूर्ण सुकलं, की मग प्रायमर लावून रंग द्या. आधी दिलात तर डाग पुन्हा वर येतो.